थंडीचा मुहूर्त

मानबोक : नाही म्हणजे नाही, सूनबाई. ओला पंचा हातात धरून मी 'थंडी आली' म्हणणार नाही.

हेरान : ओला कुठला, काका? मी तो फ्रीजरमध्ये ठेवलाय. शनिवारी काढला की पापडासारखा कडक. तुम्ही फक्त लोकांसमोर उभा धरायचा आणि तेवढं एक वाक्य म्हणायचं.

मानबोक : ऐकलंत, मालकीणबाई? तुमच्या सुनेनं माझा पंचा फ्रीजरमध्ये घातला.

ओकबुन : ऐकलं. त्यासाठी किमचीचा डबा बाहेर काढलाय. ओट्यावर आंबतोय, तेही पाहिलं.

हेरान : आई, शनिवारी हा मुहूर्त बघायला तीन बस भरून माणसं येतायत! चाळीस वर्षं या खिंडीत मानबोककाका रात्री ओला पंचा तारेवर टाकतात. लागोपाठ तीन सकाळी तो काठीसारखा ताठ झाला की हे सांगणार, 'थंडी आली', आणि मगच सगळं गाव मासळी गारठ्यात वाळवायला दांड्यांवर टांगणार. असं जाहिरातीत लिहिलंय मी. एक अक्षर खोटं नाही.

मानबोक : यंदा किती सकाळी ताठ झाला, तेही लिहायचं होतं.

ओकबुन : एकही नाही. पंचांगातला धाकट्या थंडीचा दिवस गेला, मोठ्या थंडीचाही उलटून चार दिवस झाले. 'थोरली थंडी धाकटीच्या घरी पाहुणी गेली नि गारठून मेली,' म्हणायची माझी सासू. आता दोघी कुठे तोंड काळं करून गेल्यात कोण जाणे.

हेरान : म्हणूनच तर बंदरावर थंड खोली भाड्यानं घेतली ना! रात्री गोठवायची, दिवसा वितळू द्यायची, तशीच वाळते. वाऱ्यावरची मासळी दोन वर्षं सडली. शेजारच्या अकरा जणांनी दांड्या मोडून कॅफे काढले. आपण अजून मासळीत आहोत ते त्या खोलीमुळे.

मानबोक : मासळी खोलीत वाळली. मग शनिवारी दांड्यांवर काय टांगणार?

हेरान : तीच. दोन तास, फोटोपुरती.

मानबोक : वाळलेली मासळी वाळत घालायची! जेवून उठलेल्याला पुन्हा पंगतीत बसवल्यातली गत.

ओकबुन : चव बरी आहे रे. मी भाजून खाल्ली.

मानबोक : बरी नसायला काय झालं? सगळी एकजात पिवळी, एकजात मऊ. आपल्या वेळी ऊब वाढली की काही काळी पडायची, गारठा जास्त झाला की पांढरी, वारा शिरजोर झाला की खाली पडायची. नापासांनासुद्धा वेगवेगळी नावं होती.

हेरान : काळी आहे की! तिकडे सोल शहरात बिअरबरोबर हल्ली काळीच मागतात. शंभरातली तीस काळी पाडायला सांगून ठेवलंय मी.

मानबोक : पाडायला?

हेरान : बटण आहे.

(छपरावरून पावसाचं पाणी ठिबकतंय.)

ओकबुन : मेली काळी पडली म्हणून मी जन्मभर रडले, आणि ही बटण दाबून पाडते.

मानबोक : बाई, मासळी कुठेही वाळवा, माझं काही म्हणणं नाही. मासळी तरी आपल्या समुद्रातली कुठे राहिलीय? रशियातून येते. पण थंडीच्या बाबतीत मी कधी खोटं बोललो नाही. मालक गेले त्या वर्षी सगळं गाव मागे लागलं होतं, उद्याच टांगू म्हणून. नऊ दिवस थांबवलं मी. शिव्या खाल्ल्या. माझी ना जमीन, ना दांड्या. एक शब्द आहे, तोही तुम्ही फ्रीजरमध्ये घालताय.

हेरान : काका, मला काय हौस आहे? तुम्ही नाही म्हणालात तर बस माघारी जातील, आणि पुढच्या वर्षी इथे बारावा कॅफे निघेल. तिथे मीच कप विसळत असेन.

मानबोक : मग मी खरं सांगतो. शनिवारी उभा राहतो, सगळ्यांसमोर ओला पंचा पिळतो आणि सांगतो, यंदा थंडी आली नाही. ही मासळी खोलीतली आहे. तुम्ही उगाच आलात, घरी जा.

ओकबुन : झालं!

हेरान : काका... पुन्हा म्हणा.

मानबोक : काय?

हेरान : हेच. असंच, पंचा पिळत. थांबा, फोन कुठेय माझा? 'थंडीची वाट पाहणारा शेवटचा माणूस.' लोक रडतील हो! तीनच्या सहा बस होतील.

मानबोक : बाई, मी लोकांना हाकलायला निघालोय, आणि ही...

ओकबुन : मांजर कसंही फेकलं तरी पायांवरच पडतं, मानबोक.

हेरान : मग ठरलं. तुम्हाला खोटं बोलायला नको, मला ते वदवून घ्यायला नको. दरवर्षी जानेवारीतला शेवटचा शनिवार. सहलवाल्यांशी पाच वर्षांचं पक्कं करून टाकते.

मानबोक : आणि एखाद्या वर्षी खरंच थंडी पडली तर?

हेरान : असं अभद्र बोलू नका, काका! खोलीचा करारही पाच वर्षांचा आहे.

मानबोक : म्हणजे थंडी आली तर मी गप्प बसायचं.

हेरान : पुढचं पुढे बघू हो. आलेच मी, सहलवाल्यांना फोन लावून.

ओकबुन : गेली. मानबोक, इकडे ये जरा.

मानबोक : बोला.

ओकबुन : थंडी पडलीच कधी, तर हिला नको सांगूस. मला सांग. पहाट असली तरी उठव.