पुसलेली पानं

अंजनी : मामाजी, ते पोतं नका उघडू! आज पेरायचं नाही.

श्रीरंग : काहून? तुझ्याच मशीननं फोनवर सांगितलं, पेरणीला वेळ चांगली आहे. पहिली पेरणी तर उन्हानं खाल्ली. आता एवढंच बियाणं उरलं.

अंजनी : म्हणूनच तर! मशीन चुकून राहिली. आणि काहून चुकते, ते आज सकाळी लक्षात आलं. अधारतालच्या शेती कॉलेजातून इथवर स्कूटर नुसती उडवत आली मी.

बेबीताई : पाहा हो, माझ्या भावाची पोरगी! स्वतःची मशीन चुकली म्हणून नाचून राहिली. आधी पाणी तर पी.

अंजनी : नंतर, आत्या. हे पाहा. मशीनला आपण मटरच्या रोपांचे फोटो दाखवतो, त्या दिवशी किती तापलं ते सांगतो. त्यावरून ती शिकते, किती गरमीत रोप टिकतं. आता ऑक्टोबर पण मे-सारखा तापतो, तर पेरायचं कधी हे तिनं सांगितलं पाहिजे ना? और देखिए, या गावातून आलेल्या फोटोंत एक पान पिवळं नाही. एक पण नाही! तिला वाटतं, इथला मटर भट्टीत पण उगवतो.

बेबीताई : आणि आपलं वावर तिकडे पापडासारखं वाळलं. अहो, फोटो तर तुम्हीच पाठवता ना?

श्रीरंग : पाठवतो. चांगले पाठवतो.

अंजनी : चांगले म्हणजे कसे, मामाजी?

श्रीरंग : विहिरीजवळ, आंब्याखाली एक ओळ हिरवी आहे. तिथले. पानं ओल्या फडक्यानं पुसतो, मग काढतो.

बेबीताई : हाय राम! रोज मऊ फडकं मागत होते ते याच्यासाठी?

श्रीरंग : मग? जन्म फॅक्टरीत गेला माझा. साहेब तपासणीला आला की एक नंबर माल समोर ठेवायचा, डागवाला मागं सरकवायचा. गावाला पण मीच समजावलं. फोटो शहरात जाऊन राहिले, गावाचं नाक कापू नका म्हटलं.

अंजनी : मिल गया! आत्या, मिल गया! मी तिकडे डोकं फोडून राहिली, आणि इकडे मामाजींनी सगळ्या गावाला पानं पुसायला लावली!

श्रीरंग : हसायला काय झालं?

अंजनी : आनंदानं हसते हो! मशीन बिघडली नाही. तिनं जळलेलं रोप कधी पाहिलंच नाही. आज दाखवलं तर आज शिकेल. चला तिकडच्या वावरात.

श्रीरंग : तिकडचं नाही.

अंजनी : मामाजी...

श्रीरंग : फोटो गावाच्या ग्रुपवर पडतात. शालिग्राम पाहील, अंबादास पाहील. फॅक्टरीवाला आम्हाला शेती शिकवते म्हणून आधीच टोमणे मारतात. त्यांना जळलेलं वावर दाखवू?

बेबीताई : तर मग पेरा हे पोतं. हे पण वाळलं की यंदा घरात मटरचा दाणा यायचा नाही. इज्जत उकडून खाऊ.

श्रीरंग : ...फोन दे इकडे. दुरून काढू का जवळून?

अंजनी : दोन्ही. पुसू नका फक्त.

(श्रीरंग जळलेल्या वावराचे फोटो काढून ग्रुपवर टाकतो, मग फोनमध्ये बोलतो.)

श्रीरंग : भैया लोग, श्रीरंग बोल रहा हूँ. ये हमारा खेत है. पूरा जल गया. जिसका जैसा है, वैसा ही भेजो. धोना-पोंछना नहीं.

(फोन वाजतो. पुन्हा वाजतो. मग वाजतच राहतो.)

अंजनी : आले, आले! हे शालिग्रामजींचं, करपलं. हे अंबादासजींचं, पूर्ण पिवळं. वाह!

बेबीताई : लोकांची वावरं जळली आणि ही वाह करते!

अंजनी : सॉरी, आत्या. पण कुंदाकाकूंचं पाहा ना! अर्धं जळलं, अर्धं उभं. दोनदा पेरलं असेल, म्हणजे कोणत्या दिवसाची पेरणी टिकते ते कळेल. हेच तर पाहिजे होतं! हे सगळं मशीनला शिकवते, मग पेरायचं कधी ते विचारू. तोवर पोतं बंद, मामाजी.

बेबीताई : हा अंबादास तर कालच म्हणत होता, माझ्यासारखा मटर अख्ख्या गावात नाही.

श्रीरंग : मी पण त्याला तेच सांगितलं.

बेबीताई : अहो, मग आता एकेक फोटो काय निरखून राहिले?

श्रीरंग : मला वाटत होतं, बेबी, आपलंच जळलं.