आई शेवटच्या रांगेत अडकली

यार, परवा गाडी बघायला गेलो आणि माझीच वाट लागली. आमची जुळी, आम्ही दोघं आणि आई-बाबा, म्हणजे तीन रांगांचीच गाडी हवी. पोरांच्या दोन्ही चाइल्ड सीट घाटकोपरच्या घरून उचलून शोरूमला नेल्या. आई हौसेनं शेवटच्या रांगेत जाऊन बसली. मग सेल्समनने मधल्या रांगेत दोन्ही सीट घट्ट बांधल्या. झकास बसल्या! मी म्हटलं, "आई, उतर आता."

उतरणार कुठून? चाइल्ड सीट काढल्याशिवाय मधली रांग दुमडेचना. बायको म्हणाली, "अरे, आई रोज कशा उतरणार?"

सेल्समन थंडपणे म्हणाला, "मॅडम, डिकीतून येतील ना!"

मी भडकलो. तेवढ्यात आई आतूनच म्हणाली, "त्याच्याशी भांडू नकोस रे. दोन रांगांचीच घे. आम्ही दोघं गणपतीनंतर गावी राहायला जातोय. कायमचे."

मला वाटलं, रागावून बोलतेय. बाबांकडे बघितलं, तर ते टायर न्याहाळत होते. "बाबा, काय बोलतेय ही?"

बाबा मान वर न करताच म्हणाले, "मे महिन्यात गावच्या घराला नवं छप्पर घातलं, ते काय भाड्यानं द्यायला?"