नाही तिथेही हिरवं

हॅलो? …हॅलो, ताई? …हो, येतंय ऐकू. बोल. …नाही नाही, कामात नाहीये. लॅबच्या बाहेर उभी आहे, पॅसेजमध्ये. …ती घरघर फ्रीझरची. सगळे फ्रीझर इथेच कोंबलेत.

आई कशी आहे? …जेवली? …खरंच? स्वतःच्या हाताने? …दोन घास तर दोन घास, खूप झालं गं.

काय? …काय सांगतेस! मुख्याध्यापिका? अगं, मग आधी हे सांगायचं ना! …कुठली शाळा? …ती डोंगरावरची, मुलं तिथेच राहतात ती? …हो, हो… खोली शाळाच देणार… एकटीपुरती. हं. …सोमवारी कळवायचंय.

…नाही, आहे मी. ऐकतेय.

…हो, मीच म्हणाले होते. यंदा प्रबंध देते, नोकरीला लागते, मग आई माझ्याकडे. …नाही गं, विसरेन कशी? …आनंद झाला, का नाही होणार! पण ऐक ना. …अगं ऐक ना, ताई.

प्रबंध जात नाहीये.

…यंदा नाही. …आळस? आळस कसला, लिहून तयार होता! …सांगते. सांगू देशील तर सांगेन ना.

तुला ते हिरव्या ठिपक्यांचे फोटो पाठवले होते बघ, उंदराच्या मेंदूचे. …हो, आई ज्याला नक्षी म्हणते, तेच. तर ते हिरवं आपोआप नाही दिसत. एक अँटिबॉडी असते, कंपनीकडून येते. करंगळीएवढ्या बाटलीत थेंबभर. ती मेंदूच्या कापावर टाकायची. …काप म्हणजे पातळ चकती गं. …कशाला म्हणजे? मेंदूत झोपेचा निरोप नेणारा एक पदार्थ असतो. तो निरोप ऐकणारा पेशीवरचा कान, तो आमचा रिसेप्टर. हा कान जिथे असेल तिथेच अँटिबॉडीने जाऊन चिकटायचं, दुसरीकडे कुठ्ठे नाही. चिकटली की हिरवं चमकतं. …हो, एवढंच. एवढ्यावर माझी सगळी वर्षं गेली.

आता गंमत ऐक. …गंमतच म्हणायची, दुसरं काय! काही उंदीर मुद्दाम असे तयार करतात, की त्यांच्यात तो रिसेप्टर जन्मापासून नसतोच. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच हौसेने दुसऱ्या लॅबकडून तसे मेंदू मागवले. म्हटलं, प्रबंधात शेजारी-शेजारी फोटो लावू. एक हिरवा, एक काळाकुट्ट. छान दिसेल.

…काळा आलाच नाही ताई.

…हिरवा. तस्साच. त्याच जागी, तेवढाच झगझगीत. …हो ना! कानच नाही तिथे, तर चिकटली कशाला? …दुसऱ्याच कशाला तरी. देव जाणे कशाला. …केलं ना परत. मग नवी बाटली फोडून तिसऱ्यांदाही केलं. परत हिरवं. …म्हणजे काय म्हणजे? मी इतकी वर्षं भलतंच काहीतरी मोजत बसले होते.

…लिहिलं कंपनीला. उत्तर आलं, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, एक बाटली मोफत पाठवतो. …तीच गं! तीच अँटिबॉडी! …हस, हस. मीही हसले होते.

थांब हं जरा… काय? मायक्रोस्कोप? हो, घ्या ना. वेळ माझी होती, पण बसा तुम्ही. …नाही, मला नकोय आता.

…हं, बोल ताई. …सर? पहिल्यांदा सरांनाच दाखवलं. दोन्ही फोटो पाहिले आणि म्हणाले, हा काप खराब निघाला. म्हटलं, सर, तीनदा केलं. तर म्हणतात, मग तिन्ही खराब. …शपथेवर सांगते! त्यांचं स्वतःचं नाव याच ठिपक्यांवर झालंय ना. मग दार लोटून घेतलं, आवाज एकदम मऊ. म्हणे, अगं, सगळं जग हीच अँटिबॉडी वापरतं. हा एक फोटो तेवढा नको. बाकी आहे तसं जाऊ दे. मी सही करतो, तू कर, डॉक्टर होऊन मोकळी हो.

…नाही केली.

…नाही म्हणजे नाही केली. …अगं, त्यापेक्षा वाईट. आज सकाळी मीटिंगमध्ये तो फोटो पडद्यावर लावला मी. …हो, सगळ्यांसमोर. …एक जण पेनाचं टोपण उघडझाप करत होता, तेवढाच आवाज. माझ्या टेबलाशी येऊन ‘तुझं बरोबर आहे’ म्हणणारे सगळे माना खाली घालून. …सर म्हणाले, उत्तम. आता तू नवा विषय घे. …नवा म्हणजे पहिल्यापासून. …तीन वर्षं. चारही लागतील. …आणि हे काम आमच्या होयबाला. …तोच, सरांनी दिवसाला रात्र म्हटलं तर दिवा लावायला उठणारा. माझेच फोटो, त्याचं नाव.

…कळतंय ताई. …कळतंय गं. तिला उचलून बसवायचं, अंघोळ घालायची, सगळं तूच करतेस, मी कुठे नाही म्हणतेय? …कुठे आणू? हॉस्टेलात माझीच खाट भिंतीला टेकलीये. …बाई ठेवली तर? …हो, परक्या हातचा घास ती घेत नाही. हो.

…काय म्हणालीस? …एका उंदरासाठी. …हो, बाहेरून तसंच दिसतं ते. …नसतं बघितलं कुणी. खरंय. पण उद्या त्या फोटोंवरून कुणी झोपेचं औषध करायला निघालं, तर… …माहितीये, तुला झोप मिळत नाही. …टोमणा नव्हता गं! ताई, टोमणा नव्हता.

…एक विचारू? तू असतीस माझ्या जागी, तर केली असतीस सही?

…हो?

…लगेच म्हणालीस. …नाही, रागावले नाही. मीच विचारलं ना.

…मग सोमवारी काय सांगणार त्यांना? …हं. …थोडी मुदत मागून बघ… …नाही देणार. बरं.

मागून आई काय म्हणतेय? …‘डॉक्टरीणबाईंचा फोन आहे का?’ …ताई, तिला नको देऊस. आत्ता नको. तू सांग काहीतरी… नाही, मी नाही सांगू शकत… ताई, ऐक ना…

हॅलो, आई. …हो, मीच. …नाही आई. डॉक्टर नाही झाले. …यंदा नाही गं. …ताईचं? ताईचंही राहिलं. …माझ्यामुळे. …सरांमुळे नाही आई, माझ्यामुळेच. …कशी म्हणजे… …हॅलो?

ताई, तू घेतलास फोन? …ताई, मी…

…ठेवला.