आटणारं हाड

दातांच्या दवाखान्यात एक ड्रायव्हर बसला होता. नवा दात रोवता यावा म्हणून आज त्याच्या जबड्यात हाड भरायचं होतं, पण भीतीने जीव सगळा बाहेरच्या दाराकडे. शेजारी एक म्हातारा शिंपी आणि त्याची बायको.

"अहो, तुमचं भरलेलं हाड झिजलं म्हणे. आता दात रोवणार कुठे, माझ्या कपाळात?"

"अगं, ते थोडं आटतंच. डॉक्टरांनी ते धरूनच जास्त भरलं होतं. कापड आटणार म्हणून मी विजार लांब बेततो ना, तसं."

"आणि तरी आखूडच होते!"

"एक्स-रेच्या फोटोत पुरेसं हाड उरलेलं दिसलं. आज दात बसणारच."

ड्रायव्हर जवळ सरकला. "काका, हाड भरताना फार दुखतं का हो?"

"खरं सांगू की खोटं?"

"खोटं सांगा."

"अजिबात नाही."

आतून हाक आली. ड्रायव्हर हसतच उठला आणि आत गेला.