हँबुर्गला काय न्यावं

—न्हाय, वरच्या खिशात न्हाय, हंबीरराव! पाकीट बंडीच्या आतल्या खिशात. गेल्या साली मी त्या हँबुर्गात उतरलो, तर स्टेशनात एक बाई नकाशा घिऊन मला पत्ता इचारती—मला! रुद्राप्पाला! राजारामपुरीतल्या ह्या दुकानातनं भाईर पडलं की मला कोल्हापूरचा टाऊन हॉल घावत न्हाय—आणि तिचा जोडीदार मागनं खिसं चाचपतोय. थूत्! आणि लाल फरशीवर उबं ऱ्हाऊ नका, ती सायकलवाल्यांची, सरळ अंगावर घालत्यात. नळाचं पाणी बिनघोर प्या, तेवढंच एक चांगलं. पण संडासात? कागद! एवढं मोठं बंदर, दारात जहाजं उबी, आणि धुवायला तांब्याभर पाणी न्हाय. शी! तुमचं बरं हाय, तुमी मासं खाता. आमी लिंगायत माणसं, त्या मासळीबाजाराच्या वासानं मला रस्त्यातच वांती झाली.

औषधं? खोकल्याचं न्या. लेकीच्या बाळंतपणाला निघालासा न्हवं, मग न्याच. बंदरावरच्या वाऱ्यानं आमची बायकू महादेवी पहिल्याच सांजेला खोकली—साधा खोकला की!—तर आमचा श्रीशैल, पोटचा पोरगा, म्हणतोय, "अप्पा, छातीचा फोटो काढूया. तवर बाळाच्या खोलीत जायाचं न्हाय." का, तर इंडियातनं आलाय, टीबी असंल म्हणं! आणि ह्यो कुठनं आला? इचलकरंजीत आमच्या मागाच्या शेडात कापूस खात वाढला की ह्यो! बरं, काढलं फोटो. दोघांचंबी साफ. मग मी मठातनं नेलेली इबूत काढली. नातवाच्या कपाळाला अज्जाच्या हातानं लागावी म्हणून तर गेलतो, न्हायतर त्या घाणीत माझं काय काम? तर पोरानं हातात काय दिलं? हातमोजं! रबराचं, डॉक्टर घालत्यात तसलं. "अप्पा, ह्ये घालून लावा." मी म्हटलं, मढं शिवून आलोय काय रं मी? पुडी तशीच खिशात घातली आणि भाईर जाऊन बसलो. येईस्तवर त्या खोलीत पाय टाकला न्हाय.

महादेवी? तिनं घातलं की. गुमान घातलं. रोज मांडीवर घ्यायची त्याला. आता शेजारपाजारी सांगती, कसा अंगठा धरतोय, कसा हासतोय—मी ऐकतो. मला काय सांगता येतंय?

काय म्हणालासा? तुमी हातमोजं घालणार? लाज न्हाय वाटत—

घाला, बाबा. घाला.

उठा आता. गिऱ्हाईक आलंय.