वीस डिग्रीची बियर

…आणि त्या काचेच्या नळीवर बारीक अक्षरात छापलंय काय, तर वीस डिग्री! म्हणजे बियरमधली साखर मोजायची ती वीस डिग्रीला, नाहीतर आकडा चुकणार. अहो, ऑगस्टातलं कुवेत! इथं थंडचा नळ सोडला तरी चहा होतो! पुंडलिकाने वीस डिग्री आणायचे कुठून, सावंतवाडीहून पार्सल?

तुम्हाला सांगतो, पुंडलिक माणूस साधा. एसी दुरुस्त करतो, शत्रुघ्नाबरोबर एका खोलीत राहतो. हा शत्रुघ्न त्याचा गाववाला, महिनाअखेरीस कायमचा घरी निघालेला. पुंडलिकाच्या मनात एकच, जायच्या आधी दोघांनी एकदा निवांत ग्लासाला ग्लास लावायचा. या देशात दारूला बंदी, मग काय, बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, बिनदारूच्या बियरचे डबे आणले, साखर घातली, ती खाऊन दारू आणि गॅस करणारं यीस्ट घातलं, पाण्याच्या निळ्या कॅनमध्ये ठेवलं फसफसत. सोप्पं!

सोप्पं कसलं! मागच्या खेपेला गरम बियरमध्येच नळी सोडली, नळी म्हणाली साखर संपली, याने बाटल्या भरून बुचं ठोकली… आणि धाड! धाड! धाड! साखर कुठली संपतेय, ती बाटलीत बसून फुगत होती! हारिस अब्बास, बिल्डिंगचा रखवालदार, दारात हजर. "क्या फटा?" "कुकर, भाई." "तीन-तीन कुकर?" आणि नाक वर करून असा वास घेतला त्याने… तो पोलिसांकडे गेला असता तर नोकरी खलास, थेट विमानात, अंगावरच्या लुंगीनिशी! त्या दिवशी याने शपथच घेतली, "साखर मोजल्याशिवाय हात लावचो नाय!"

मग सुरू झाला तमाशा! नळी तरंगवायला उंच ग्लासभर बियर काढायची, ग्लास एसीच्या तोंडाशी धरायचा. एसी फुल्ल! शत्रुघ्न स्वेटर घालून कुडकुडतोय, भर ऑगस्टात! "मेल्या, माका जिवंत घराक जावचा आसा!" "गप! साखर मोजल्याशिवाय हात लावचो नाय!" बरं, थंड झाली की नळीला बुडबुडे चिकटतात, नळी वर उचलली जाते, साखर जास्त दिसते. बुडबुडे झटकेपर्यंत बियर पुन्हा गरम. काढा दुसरा ग्लास! आणि मोजलेली बियर परत कॅनमध्ये ओतायची नाही, सगळी नासते. मग काय मोरीत ओतणार? "फुकट कित्याक घालवतंस? दी हय!" स्वेटरातून हात बाहेर! सकाळी मोजणी, संध्याकाळी मोजणी, आकडा रोज खाली, आणि तो एका जागी थांबल्याशिवाय बाटल्या भरायच्या नाहीत. शत्रुघ्न ग्लास घेऊन जत्रेच्या गोष्टी सांगतोय, सासऱ्याच्या सांगतोय, मध्येच डोळे पुसतोय, आणि आमचा पुंडलिक? नळीला डोळा लावून, "गप रव रे, आकडो चुकता!" अहो, एक घोट तरी घे बाबा! छे! "साखर मोजल्याशिवाय…!"

शेवटी आकडा थांबला. अगदी बरोबर! पुंडलिक नाचला हो! बाटल्या धुतल्या, बुचं काढली, कॅन तिरका केला… आणि आलं काय, तर चिखलासारखा गाळ! कॅन रोज हलका होत होता, पण याची नजर आकड्यावर! सगळी मोजण्यातच गेली. आता नवी लावायला वेळ कुठला?

विमानतळावर बिचाऱ्याला रडूच आलं. माफी मागायला तोंड उघडलं, तर शत्रुघ्नानेच मिठी मारली. "रडतंस कित्याक? पार्टी झकास झाली रे, पंधरा दिवस चलली! …तूच तेवढो येवक नाय."