एकही तक्रार नाही

अध्यक्ष श्री. रावजी मयेकर, आजचे सत्कारमूर्ती 'सुलभ बाजार'चे श्री. सलिल आठल्ये, व्यापारी मंडळाचे पदाधिकारी आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो, नमस्कार.

मला बोलायची सवय नाही. माझे पती आत्माराम यांच्या आठवणीचे दोन शब्द बोला, असं अध्यक्षांनी सुचवलं. ते जाऊन उद्या तीन महिने होतील.

मानपत्र आत्ताच वाचलं गेलं. पाच वर्षं गावात सर्वांत कमी भाव, आणि ग्राहकाची एकही तक्रार नाही. ते खरं आहे. मी साक्षीदार आहे.

आमच्या दुकानात मिक्सर बघायला आलेल्या बाईला हे आधी ओल्या खोबऱ्याचं वाटण करायला लावत. भांडं कसं बसवायचं, कुठे थांबायचं, सगळं शिकवत. अर्धा तास सहज जाई. मग 'घरी विचारून येते' म्हणून बाई निघे आणि सुलभमधून तोच मिक्सर दोनशे रुपयांनी स्वस्त घेई. काहीजणी हसताहेत, मला दिसतंय.

तो बिघडला की सुलभमध्ये काय सांगत? सलिलभाऊ, सांगू का? "मांडवीला आत्मारामकडे टाका. माणूस चांगला आहे."

तिसऱ्या रांगेतल्या येसूबाई अशाच आल्या होत्या. हे म्हणाले, "स्वस्ताई तिकडे आणि शहाणपण इकडे होय?" त्या म्हणाल्या, "तुमी नाय म्हननार नाय, मला ठाव हाय."

आणि हे नाही म्हणाले नाहीत. डॉक्टरांनी विश्रांती सांगितल्यावरही नाही. मी रागावले, तर म्हणत, तिचं वाटण अडलंय.

तेव्हा तक्रारी नव्हत्या असं कसं म्हणू? त्या आमच्या फळीवर होत्या.

हे गेले त्या दिवशी फळीवर तेवीस मिक्सर होते. तेरावं व्हायच्या आत चौघींनी विचारलं, "आमचा झाला होता का हो?" सलिलभाऊंनी हार पाठवला. दुकानात गर्दी होती म्हणे.

आमचं दुकान मी बंद केलं. ते तेवीस मिक्सर आज इथे आणले आहेत. आपण ज्या पांढऱ्या चादरीवर पुष्पगुच्छ ठेवलेत, तिच्याखाली. प्रत्येकाला यांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे. मी नाव वाचीन, त्यांनी वर येऊन आपली वस्तू ज्यांनी विकली त्यांच्याच हातून घ्यावी. सलिलभाऊ, उठा. नारळ जरा बाजूला ठेवा, दोन्ही हात लागतील.

मंडळाने बोलू दिलं, आभारी आहे. शब्द कमीजास्त झाला असेल तर पदरात घ्यावा. तक्रार असल्यास यापुढे सत्कारमूर्तींकडे करावी.

पहिली चिठ्ठी. श्री. रावजी मयेकर. भांडं बसत नाही.